मापाचा धडा कोणाच्या मापाचा?

कोरोनाकाळात, 2020 साली, राज्याने व्हॉट्सॲपवर ‘स्वाध्याय’ योजना आणली. विद्यार्थ्याने प्रश्न सोडवावेत व उत्तरांनुसार त्याला पुढील अभ्याससाहित्य मिळावे, ही कल्पना स्वागतार्हच होती. परंतु इटियाडोह परिसरात धानाच्या बांधीत राबणाऱ्या कुटुंबातील एकुलता मोबाइल बापाबरोबर कामावर जात असेल, तर माप कोणाचे घेतले जाणार? ज्याची उत्तरेच पोचत नाहीत, तो यंत्राच्या हिशेबात नसतोच. गोंडी बोलणारे मूल गणितात अडले की भाषेत, हे शिक्षकच ओळखू शकतो. 1882 साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाकडे सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाची मागणी केली. ती सरकारकडे होती. आजही शाळेत यंत्र आणि गोंडी जाणणारा शिक्षक, दोन्ही देणे शासनाचेच कर्तव्य आहे. कार्यकर्त्यांनी ही मागणी गावोगावच्या ग्रामसभांत लावून धरावी.