ताटावरून उठवू नका!

दोस्तांनो, फेब्रुवारीतल्या एका रविवारी जरा पहाटे उठाल का? पाणपक्षी पाहायचे तर हेच दिवस. उन्हं तापू लागली, की यातले बरेचसे पाहुणे परतीच्या वाटेला लागतील.

चला तर, नांदूर मध्यमेश्वरला! नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या संगमाजवळ इंग्रजांच्या अमदानीत बंधारा बांधला. त्यात वर्षानुवर्षं गाळ साचला. धरणात गाळ म्हटला की मोठी माणसं कपाळाला हात लावतात, पण पाखरांना तो पावला! पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, पाणवनस्पती माजल्या. १९८६ साली इथे अभयारण्य झालं. रामसर यादीत गेलेली महाराष्ट्रातली ही पहिलीच पाणथळ जागा.

मनोऱ्यावरून पाहा. काळाकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा, तो वारकरी. चोचीच्या बुडाशी लाल ठिपके आणि टोक पिवळं? हळदी-कुंकू बदक. (ही नावं ठेवणाऱ्याला एकदा भेटायला हवं होतं!) चमच्यासारख्या चपट्या चोचीनं पाणी गाळत चाललाय तो थापट्या. आणि ती केशरी जोडी चक्रवाकांची.

तुमच्याएवढा असताना मी असाच एका तळ्यावर गेलो होतो. शेकडो बदकं नुसती बसलेली. मला कंटाळा आला. दिली जोरात टाळी! सगळा थवा भर्रकन उडाला. मी खूश. शेजारचे म्हातारे आजोबा मात्र म्हणाले, "पोरा, ताटावरून उठवलंस की रे त्यांना."

तेव्हा कळलं नाही. पुढे वाचलं, की लांबच्या प्रवासाआधी हे पक्षी खाऊन खाऊन अंगात चरबी साठवतात. तीच त्यांची शिदोरी. चक्रवाकाला लडाख, तिबेट किंवा त्याही पलीकडे जाऊन अंडी घालायची असतात. आपल्या टाळीपायी उडावं लागलं, की शिदोरीतला घास उगाच खर्च होतो, वर खाणंही थांबतं.

पण थवा उडताना पाहायचाय ना? मग गप्प बसा, बरं का. दलदली भोवत्या नावाचा शिकारी पक्षी पाण्यावरून घिरट्या घालत येईल. आधी वारकरी एकमेकांना खेटतील, मग एकच गलका! घड्याळ लावून बघा, पुन्हा खायला लागायला त्यांना किती मिनिटं लागतात ते. आकडा मला कळवा.