दारूचा महसूल हवा, उपचारांचा विमा नको?

आरोग्यविम्याच्या पॉलिसीत 'काय मिळणार नाही' याची एक यादी असते. तिच्यातल्या बारा क्रमांकाच्या कलमाचा मथितार्थ असा : दारू, अमली पदार्थ किंवा कुठलेही व्यसन यांवरच्या उपचारांचा आणि त्यांच्या परिणामांचा खर्च मिळणार नाही. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये ही शब्दरचना कंपन्यांच्या हाती दिली.

आता संसदेचा कायदा पाहा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१(४) नुसार शारीरिक आजाराला ज्या धर्तीवर विमा मिळतो, त्याच धर्तीवर तो मानसिक आजारालाही द्यायला हवा. शिवाय या कायद्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था स्पष्ट शब्दांत येतात. म्हणजे संसदेने ताटात वाढलेले खालच्या खालीच काढून घेतले आहे. पॉलिसीतले ते बारावे कलम रद्द झाले पाहिजे, हे माझे मुख्य म्हणणे आहे.

विमा कंपन्या स्वखुशीने हललेल्या नाहीत. कायदा २९ मे २०१८ ला लागू झाला, तरी मानसिक आजार वगळणाऱ्या पॉलिसी चालूच राहिल्या. एप्रिल २०२१ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला एका विमा कंपनीचे कान उपटावे लागले. ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सर्व पॉलिसींत मानसिक आजार घ्या, अशी तंबी नियामकाला द्यावी लागली. नैराश्य आणि स्किझोफ्रेनिया असे धक्के खात आत आले. व्यसन मात्र उंबऱ्याबाहेरच राहिले.

यावर पहिला सवाल ठरलेला : "दारू काय विमा कंपनीने पाजली?" पहिला पेला हौसेचा असतो, हे मान्य. पण वर्षानुवर्षे पथ्य मोडून मधुमेह वाढवलेल्या माणसाला दवाखान्यात दाखल केले, तर 'चूक कुणाची' म्हणून त्याचा दावा अडत नाही. विमा आजारपणाचा असतो, चारित्र्याच्या दाखल्याचा नव्हे. आणि चुकीचा हिशेबच मांडायचा, तर दारूवरच्या उत्पादन शुल्कातून दरवर्षी वीस हजार कोटींहून अधिक रुपये गोळा करणाऱ्या राज्य सरकारचे नावही त्यात घालावे लागेल.

या कलमाचा खरा घाव रुग्णालयात दिसतो. रोज पिणारा माणूस पोटदुखीने दाखल होतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरू लागतात, घाम फुटतो, भिंतीवर किडे चालताना दिसतात, बायकोलाही तो ओळखत नाही. दारू अचानक तुटल्याची ही लक्षणे आहेत आणि ती जिवावर बेतू शकतात. अशा वेळी नातेवाईक डॉक्टरांना बाजूला घेऊन विनवतात, "साहेब, कागदावर दारू लिहू नका, क्लेम जाईल." मग डिस्चार्ज कार्डावर जठराचा दाह येतो. पोटावर उपचार होतो, मूळ दुखण्याची नोंदही होत नाही. कंपनीचा पैसा वाचतो म्हणावे, तर तोच माणूस पुन्हा दाखल होतो.

दुसरा आक्षेप : "हे लोक परत पितात, पैसा पाण्यात." व्यसन उलटण्याचे प्रमाण ४० ते ६० टक्के असते, असे अमेरिकेची राष्ट्रीय व्यसनसंशोधन संस्थाच सांगते. पण रक्तदाब आणि दमा उलटण्याचे प्रमाण तिने ५० ते ७० टक्के दिले आहे. म्हणून दम्याचा पंप कुणी बंद करत नाही.

तिसरा आक्षेप : "प्रीमियम सगळ्यांचाच वाढेल." अमेरिकेत केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या विम्यात २००१ पासून मानसिक आजार व व्यसन यांना समान संरक्षण मिळाले. पुढे झालेल्या अभ्यासात या समानतेमुळे खर्चात लक्षणीय वाढ आढळली नाही. २००८ मध्ये तिथे समानतेचा स्वतंत्र कायदा झाला आणि त्याच्या नावातच व्यसन आहे.

शेवटचा आक्षेप आपल्याच धाराशिव जिल्ह्याच्या मातीतला : "धाराशिवात आरोग्याची पॉलिसी आहे कुणाकडे? इथे विमा म्हणजे पीकविमा." ठीक, मग पीकविम्याचीच गोष्ट काढू. खरीप २०२० मध्ये सोयाबीन पाण्यात गेले आणि ७२ तासांत कळवले नाही म्हणून कंपनीने हात वर केले. जिल्ह्यातले शेतकरी औरंगाबाद खंडपीठात गेले, २०२२ मध्ये जिंकले आणि लढा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. बारीक अक्षरातली अट माणसाला कशी बुडवते, हे या जिल्ह्याला वेगळे शिकवायला नको. त्यात हा राज्याच्या चौदा शेतकरी-आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांपैकी एक. फेब्रुवारी २०२५ मध्ये तामलवाडी पोलिसांनी मेफेड्रोन हा अमली पदार्थ पकडला आणि तुळजापुरातल्या नशेच्या धंद्याचे धागे उलगडू लागले. आरोपींची संख्या डझनांत गेली. पण ज्यांना ती पुडी लागली, त्या पोरांच्या उपचाराचे काय? राज्याची जुनी चार मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत. मराठवाड्याच्या वाट्याला त्यांतले एकही नाही.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने (२०१५-१६) दारूच्या विकारात ८६ टक्के रुग्ण उपचाराविना असल्याचे सांगितले. ही दरी बुजवण्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. एक, नियामकाने बाराव्या कलमाची मुभा काढून घ्यावी. आयुष्मान भारतच्या पॅकेजांत नशेच्या पदार्थांमुळे होणारे मानसिक विकार येतात. सरकारी योजनेला जे चालते, ते खासगी कंपनीला न चालण्याचे कारण नाही. दोन, खाटेवर झोपलेल्यालाच विमा, ही अट सैल करावी. व्यसन सुटते ते मुख्यतः दाखल न होता, महिनोन्महिने चालणाऱ्या गोळ्यांनी, समुपदेशनाने आणि पाठपुराव्याने. तो खर्चही विम्यात हवा. तीन, पैसे फक्त कायद्यानुसार नोंदणी झालेल्या केंद्रांनाच मिळावेत, म्हणजे मारझोड करणारी, माणसे कोंडून ठेवणारी 'व्यसनमुक्ती' दुकाने आपोआप बंद पडतील. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने १९८६ पासून दाखवले आहे की हे काम माणुसकीने होते.

यांतल्या पहिल्या गोष्टीला नवा कायदा लागत नाही, नवा निधीही लागत नाही. नियामकाचे एक परिपत्रक पुरते. ते निघत नसेल, तर पीकविम्यासाठी सर्वोच्च न्यायालयाची पायरी चढलेल्या जिल्ह्याने याही दाव्यासाठी ती चढावी. या वेळी कायदा पहिल्या दिवसापासून आपल्या बाजूने आहे.