वर्क फ्रॉम होम: वीज गेली की लँडलाइनही का बंद पडतो?
पूर्वी वीज गेली तरी लँडलाइन चालायचा. तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजच फोनला सुमारे ४८ व्होल्टचा पुरवठा करायचं. फायबरमधून मात्र प्रकाश येतो, वीज नाही. त्यामुळे घरातला मोडेम बंद पडला की इंटरनेटसोबत फोनही बंद.

नोव्हेंबर २०२० मध्ये केंद्राने कॉल सेंटरसाठीचे नियम शिथिल केले. नोंदणी आणि बँक गॅरंटीची अट गेली, घरून कॉल घेणं सोपं झालं. पण ऑफिसचा जनरेटर काही घरी आला नाही.

उपाय? राउटरसाठीचा छोटा यूपीएस. मोडेम वेगळा असेल तर तोही त्यावरच जोडा. घेण्याआधी अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर तपासा. आणि हा खर्च कंपनी देणार की कर्मचारी, हे आधीच लेखी ठरवून घ्या.