काझोर्ला फुकट खेळायला का तयार होता?
स्पेनसोबत २००८ आणि २०१२ चा युरो करंडक जिंकलेला मिडफिल्डर सांती काझोर्ला २०२३ मध्ये, ३८व्या वर्षी, दुसऱ्या श्रेणीतील रियल ओव्हिएदोत परतला. तो बिनपगारी खेळणार होता. नियमात बसेना म्हणून किमान वेतन घेतले.

तो याच क्लबच्या अकादमीत घडला. २००३ मध्ये क्लब कर्जात बुडाला आणि मुख्य संघातून एकही सामना न खेळता त्याला व्हियारियलला जावे लागले. २०१२ मध्ये क्लब बंद पडण्याच्या बेतात असताना चाहत्यांसोबत त्यानेही शेअर घेतले. पगार सोडण्यापेक्षा ही मदत मोठी. चर्चा मात्र पगाराचीच होते.

मधल्या काळात, आर्सेनलकडे असताना, जंतुसंसर्गाने टाचेमागच्या अकिलीस टेंडनचा सुमारे ८ सेंटीमीटर भाग गेला. हाताची कातडी घोट्याला लावावी लागली. मुलीच्या नावाचा टॅटूही कातडीसोबत खाली आला. (तिचे नाव इंडिया!) मुलासोबत बागेत चालता आले तरी पुष्कळ, असे डॉक्टर म्हणाले होते.

२१ जून २०२५ रोजी मिरांदेसविरुद्ध ओव्हिएदो पिछाडीवर होता. चाळिशीतल्या काझोर्लाने पेनल्टीवर बरोबरी साधली. जादा वेळेत ओव्हिएदो ३-१ जिंकला आणि २४ वर्षांनी ला लीगात पोहोचला.