जेवताना ताटाशी बसणारे कुत्रे



बेलापूरचा दिवाळे कोळीवाडा असो की घाटावरची वाडी, पाने वाढली की घरचे कुत्रे ताटाशी येऊन लाळ गाळत बसतेच. ही खोड आपणच लावलेली असते. दहा वेळा ‘हाड्’ म्हणून अकराव्या वेळी तुकडा टाकला, की ‘नेट धरला तर मिळते’ एवढेच ते शिकते. कधीमधी मिळणाऱ्या तुकड्याने खोड अधिकच पक्की होते.

यात धोकाही आहे. कालवणातल्या कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. शिजलेले हाड किंवा माशाचा काटा घशात रुततो. लहान मुलाच्या हातातली भाकरी ओढताना दातही लागू शकतो.

उपाय सोपा आहे :

१. आपल्या जेवणाआधी कुत्र्याला ठरल्या वेळी, त्याच्याच भांड्यात पोटभर खाऊ घाला.

२. जेवणे उरकेपर्यंत ते अंगणात बांधा.

३. भुंकले तरी बघू नका, ओरडू नका, मारू नका. गप्प बसले की शाबासकी द्या.

४. नियम सर्वांना एकच. आजीने हळूच घास टाकला, की सारे मुसळ केरात!

पहिले काही दिवस ते जास्तच भुंकेल. तेव्हाच नेमके माघार घेऊ नका.

कुत्र्याला दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या. कुणाला दात लागलाच, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर मात्र इलाज नाही.