गोधडीवर नाव कोणाचे?

गेल्या नाताळच्या सुट्टीत वसईतील एका धर्मग्रामाच्या सभागृहात भरलेले छोटेखानी चित्रप्रदर्शन पाहण्याचा योग आम्हांला आला. प्रवेशद्वारासमोरच्या भिंतीवर सुमारे सहा हात लांबीची एक कलाकृती टांगली होती. तिचा वरचा भाग रंगविलेला होता : तुंगारेश्वराचे डोंगर आणि त्यांवर उतरलेले पावसाळी आभाळ. खालचा भाग गोधडीसारखा शिवलेला होता : केळीची बाग, बागेतले वाफे, कडेला माड आणि मधोमध एक बावखल. दोन पावले मागे सरून पाहिले की रंग कुठे संपतो आणि कापड कुठे सुरू होते हे कळत नव्हते. मिस्सा आटोपून आलेली माणसे तिच्यासमोर थांबत होती, आपापल्या वाडीची खूण तिच्यात शोधत होती.

खाली एक छापील चिठ्ठी होती. तिच्यावर ठळक अक्षरांत चित्रकाराचे नाव होते. त्याखाली बारीक अक्षरांत एवढेच होते : ‘शिवणकाम साहाय्य : स्थानिक महिला’.

ह्या ‘स्थानिक महिले’स आम्ही ओळखतो. तिने सत्तरी ओलांडली आहे. त्या दिवशी ती सभागृहातच, मागच्या बाकावर बसली होती. तिच्या नातवाने चिठ्ठी वाचली आणि विचारले, “आजी, तुझं नाव कुठाय?” ती म्हणाली, “माझं कशाला रे? मी नुसते टाके घातले.”

तिचे हे उत्तर ऐकून आम्ही अस्वस्थ झालो. आयोजकांच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. चित्रकार तर सज्जन व गुणी आहे आणि त्यानेच आपण होऊन ह्या बाईचे दार ठोठावले होते. म्हणूनच हा प्रश्न एका माणसाच्या चुकीचा राहत नाही. सज्जन माणसांच्या हातूनही असा अन्याय सहज घडतो आणि तो कोणाला टोचत नाही, हे आम्हांला अधिक गंभीर वाटते.

‘नुसते टाके’ म्हणजे काय ते प्रथम पाहू. त्या कामाची हकीकत आम्ही दोघांच्याही तोंडून ऐकली आहे. चित्रकाराने कागदावर आराखडा काढला तेव्हा बावखल निळे रंगविले होते. ते पाहून बाई म्हणाली, “पोरा, बावखलाचं पाणी निळं कधी असतं का? श्रावणात ते हिरवं, आणि चैत्रात तळाशी मातकट.” मग तिने आपल्या सासूचे विटलेले हिरवे लुगडे ट्रंकेतून काढले. त्याने वाफे सरळ रेषेत आखले होते. विहिरीचे पाणी पाटाने कसे वळते हे ध्यानात घेऊन तिने ते बाकदार केले. हिरव्या पाण्यावर निळे आभाळ शोभेना, तेव्हा चित्रकाराने आपले आभाळ पुन्हा रंगविले. येथे कोणी कोणाला साहाय्य केले हे वाचकांनीच ठरवावे.

गोधडीचे शास्त्रही आपण समजतो तितके सोपे नाही. जुन्या कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, हाताने सुरकुत्या काढायच्या, आणि मग कडेपासून आत धावदोरा घालीत जायचे. टाका सैल पडला तर धुताना आतले थर सरकतात. घट्ट पडला तर कापड आवळून चुरगळते. कोणते कापड किती धुतले गेले आहे, त्याचा रंग आणखी किती उतरेल, जाड कापडाशेजारी पातळ टिकेल की फाटेल, हे सारे हाताला कळावे लागते. चित्रकार ज्याला रंगसंगती म्हणतो ती ह्या बाया जुनेऱ्याच्या गाठोड्यासमोर बसून जन्मभर करीत आल्या आहेत.

आमच्या म्हणण्यावर दोन आक्षेप घेण्यात आले. पहिला असा की, कल्पना चित्रकाराची होती. कल्पना ज्याची त्याची कलाकृती. आराखडा त्याचा होता, हे आम्हांला मान्य आहे. परंतु वर सांगितलेली हकीकत लक्षात घेतली तर तो आराखडा जसाच्या तसा उरला नाही. ज्या ज्या ठिकाणी तो बदलला त्या त्या ठिकाणी तो अधिक खरा झाला, आणि चित्रकारही हे मोकळेपणाने सांगतो. मग चिठ्ठीने ते का लपवावे?

दुसरा आक्षेप आपल्या धार्मिक मनाला जवळचा वाटणारा आहे. ‘बाईलाच नाव नको आहे, ती नम्र आहे, तिच्या नम्रतेचा आदर करा.’ नम्रता हा ख्रिस्ती सद्गुण आहे खरा. परंतु तो स्वतः स्वीकारायचा असतो, दुसऱ्यावर लादायचा नसतो. ज्या बाईला आयुष्यात कोणी ‘तुमचे नाव काय लिहू?’ असे विचारलेच नाही, तिचे गप्प राहणे नम्रता म्हणून खपविणे सोयीचे आहे, न्यायाचे नाही. शिवाय चित्रकाराकडून अशी नम्रता कोणीच मागितली नव्हती!

पवित्र शास्त्र ह्या बाबतीत आपल्याहून अधिक काटेकोर आहे. निर्गमच्या ग्रंथात निवासमंडप उभारण्याचे काम देव बसालेलवर सोपवितो आणि त्याच्या जोडीला अहलियाबला नेमतो. बसालेल सोन्यारुप्याचा, पाषाणाचा व लाकडाचा कारागीर. अहलियाब हा निळ्या, जांभळ्या व किरमिजी सुताचे भरतकाम करणारा. दोघांचीही नावे, कुळासकट, ग्रंथात नोंदविली आहेत. सुईदोरा चालविणाऱ्याला ‘साहाय्यक’ म्हणून बिननावाचा ठेवलेला नाही. प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात यापो गावची तबीथा भेटते. ती मरण पावली तेव्हा विधवांनी पेत्राला तिने शिवलेले कपडे रडत रडत दाखविले. तिचे नाव मात्र दोन भाषांत जपले गेले, तबीथा आणि दुर्कस. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शिवणाऱ्या स्त्रीचे नाव ख्रिस्तसभेने टिकविले. आपण आपल्या वाडीतल्या बाईचे एका चिठ्ठीवर टिकवू शकलो नाही.

चित्रकार आणि शिवणारी स्त्री यांनी मिळून काम करणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. न्यूयॉर्कमधील हार्लेम ह्या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत वाढलेल्या चित्रकार फेथ रिंगगोल्ड (१९३०–२०२४) यांनी १९८० साली आपली पहिली गोधडी केली ती आपल्या आईबरोबर. आई विली पोझी ह्या वस्तीतल्या नामवंत शिवणकार होत्या आणि त्यांची पणजी गुलामगिरीच्या काळात गोधड्या शिवीत असे. त्या गोधडीत लेकीने हार्लेममधले तीस चेहरे रंगविले आणि आईने त्यांच्याभोवती कापड जुळविले. पुढल्याच वर्षी आई वारली. १९८८ साली रिंगगोल्ड यांनी हार्लेममधल्या घराची गच्ची आणि तेथून दिसणारा पूल गोधडीवर आणला; ती कलाकृती आज गुगेनहाइम संग्रहालयात आहे. लेक जगप्रसिद्ध झाली, तरी पहिल्या गोधडीची गोष्ट सांगताना आईचे नाव गाळले जात नाही.

त्याच देशात दुसरे, कडू उदाहरणही आहे. अलाबामा राज्यात नदीच्या वळणावर जीज बेंड नावाचे गरीब कृष्णवर्णीयांचे गाव आहे. तेथील बायांच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत लागल्या. २००६ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने त्यांवर दहा तिकिटे काढली. कौतुकाला सीमा राहिली नाही. पण २००७ साली ह्यांतल्याच काही बायांना आपल्या हक्कांसाठी व मोबदल्यासाठी न्यायालयात जावे लागले. पुढल्या वर्षी तडजोड झाली. कौतुक झाले म्हणजे न्याय झाला असे समजू नये, एवढे आपण त्यांच्याकडून शिकावे.

इतक्या दूर जाण्याचीही गरज नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड ह्या भागांत सिद्दी समाज राहतो. त्यांचे मूळ आफ्रिकेत. पोर्तुगीज काळात गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या आणि तेथून रानात पळून गेलेल्या माणसांचे वंशज त्यांच्यात आहेत. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि आपले कॅथलिक बांधवही आहेत. त्यांच्या बाया ‘कवंदी’ नावाच्या गोधड्या शिवतात. काम कडेपासून सुरू करून मध्याकडे नेतात आणि कोपऱ्यांवर ‘फुले’ बसवितात; फुलांवाचून कवंदी उघडी दिसते असे त्या मानतात. कॅथलिक सिद्दी बाया कापडाच्या तुकड्यांत क्रूसही गुंफतात. गोधडी बोलते, प्रार्थना करते, हे त्या बायांकडून कळावे.

आपल्या समाजाला कलावंत उशिरा ओळखण्याची जुनी खोड आहे. गोव्याचे चित्रकार आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) यांनी शांतिनिकेतनात शिकून मरियामातेला साडी नेसविली, तिला आपल्या मातीत उभे केले, तेव्हा आपल्याच लोकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. अखेर त्यांनी पुण्याच्या आश्रमात राहून चित्रे काढली. आज आपण त्यांचे नाव अभिमानाने घेतो. त्या वेळी प्रश्न मातेच्या साडीचा होता. आज तो साडीच्या जुनेऱ्यातून चित्र करणाऱ्या हाताचा आहे.

आणि ह्या विशिष्ट कलाकृतीत नावाचा प्रश्न आणखी खोल जातो. वसईची बावखले एकामागून एक बुजविली गेली हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, पाट कोरडे पडले. त्या चित्रकाराच्या वाडीतले बावखल तो जन्मण्यापूर्वीच भरावाखाली गेले होते. पाणी निळे नसते हे त्याला ठाऊक असणे शक्यच नव्हते. ते ठाऊक होते त्या बाईला, कारण तिने त्या पाण्यात धुणे धुतले होते, त्याच्या काठी केळी लावल्या होत्या. ह्या भूमीविषयीची तिची साक्ष त्या कापडात शिवली गेली आहे. साक्ष ठेवायची आणि साक्षीदाराचे नाव पुसायचे, हे कोणत्या न्यायात बसते? उद्या कोणी म्हणेल की हिरवे पाणी ही चित्रकाराची कल्पनाशक्ती होती. मग बावखल होते हेही कल्पनेतलेच ठरायला वेळ लागणार नाही.

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. दोघांनी मिळून केलेल्या कामावर दोघांची नावे एकाच आकाराच्या अक्षरांत असावीत. काम विकले गेल्यास वाटा किती, हे सुई हाती घेण्यापूर्वी ठरावे आणि लिहून ठेवावे. कामाविषयी बोलण्याचा प्रसंग आला तर शिवणारीलाही बोलू द्यावे, तिच्या बोलीत. आणि हाच नियम आपण वेदीच्या वस्त्रांना, सणासुदीच्या तोरणांना, नाताळच्या गोठ्यालाही लावावा. आपल्या देवळांतून वर्षानुवर्षे ज्यांनी भरतकाम केले त्यांची एक वही प्रत्येक धर्मग्रामाने करावी. बाप्तिस्म्याची, लग्नाची, मृत्यूची नोंद आपण शतकानुशतके ठेवीत आलो आहोत. ही एक नोंद जड होणार नाही.

घरोघरच्या वाचकांसही एक विनंती आहे. माळ्यावर पडलेली आजीची गोधडी भंगारवाल्याला देण्यापूर्वी तिच्यात कोणाकोणाची लुगडी आहेत हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि ती कोणी शिवली ते मागच्या बाजूस दोऱ्याने लिहून ठेवा.

ती कलाकृती आता सभागृहात कायमची लावायचे ठरले आहे असे कळते. चौकट सुताराकडे आहे. चिठ्ठी नव्याने छापायला अजून वेळ आहे, आणि बाईचे नाव आयोजकांना ठाऊक नसेल तर तिचे घर देवळापासून चार वाड्या पलीकडेच आहे.