धुरजड की उलाळ?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली कितीतरी मुले आज अमेरिकेत स्थायिक आहेत. उन्हाळ्यात आई-वडील तिकडे जातात आणि मुलांना वाटते, यांना यलोस्टोन दाखवावे, ग्रँड कॅन्यन दाखवावे. पण रोजचे हॉटेल, आईचे पथ्य, वडिलांचे रात्री दोनदा उठणे! मग विचार सुरू होतो तो मोटारीमागे जोडायच्या चाकांवरच्या घराचा, म्हणजे ट्रॅव्हल ट्रेलरचा. माझ्या भाच्याच्या घरी सध्या हीच चर्चा आहे. ताईने फोनवर विचारले, "अरे, एवढे धूड आमच्या गाडीला ओढवेल का?"

विक्रेत्याचे उत्तर तयार असते. गाडी पाच हजार पौंड ओढते, ट्रेलर तीन हजारांचा, मग काळजी कसली? पण हे तीन हजार पौंड, म्हणजे सुमारे १३६० किलो, रिकाम्या ट्रेलरचे. ३० गॅलनची टाकी भरली की ११३ किलो पाणीच झाले. गॅस, बॅटरी, भांडी, अंथरुणे, खुर्च्या धरल्या की १६०० किलो सहज होतात. ट्रेलरवरच्या पट्टीवर भरलेल्या स्थितीतली कमाल मर्यादा लिहिलेली असते. हिशेब तिच्यावरून करावा.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे, आणि ती आपल्या गाडीवानांना पूर्वीपासून ठाऊक आहे. बैलगाडीत ओझे पुढे जास्त झाले तर गाडी धुरजड, मागे जास्त झाले तर उलाळ. ट्रेलरचेही तसेच. एकूण वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार जोडणीच्या दांडीवर पडायला हवा. त्याहून कमी पडला तर ट्रेलर उलाळ होतो, आणि शेजारून मोठा ट्रक गेला की शेपटीसारखा डोलू लागतो. हमरस्त्यावर हे डोलणे जिवावर बेतते.

हा दांडीवरचा भार शेवटी मोटारच वाहते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिकटपट्टी असते. माणसे आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते तिच्यावर लिहिलेले असते. समजा, ते ५५० किलो आहे. भाचा, भाचेसून, नातू, ताई, भावजी मिळून ३०० धरा, दांडीवरचे १९० मिळवा. उरले ६०. एवढ्यात सगळ्यांच्या बॅगा कशा बसायच्या? ओढण्याची ताकद शिल्लक असताना वाहण्याची संपते, ती अशी. म्हणून आधी ही पट्टी वाचावी, मग दुकानात जावे.

हलक्या ट्रेलरमध्ये मला आवडले ते फायबरग्लासचे, अंड्याच्या आकाराचे. कॅनडातल्या विनिपेगमध्ये १९६८ मध्ये 'बोलर' नावाचा असा ट्रेलर निघाला. दोन कवच्या एकमेकांवर बसवलेल्या, त्यामुळे सांधे थोडे आणि गळतीही कमी. ते महाग असतात, पण जुने झाले तरी किंमत टिकवतात. पाच जणांना मात्र ते अपुरे पडतात, हेही खरे. जुना ट्रेलर, कोणत्याही प्रकारचा, घेताना कोपऱ्यांत नाक घालून कुबट वास येतो का पाहावे आणि जमीन पायाने दाबावी. मऊ लागली तर पाणी मुरले समजा आणि चहा पिऊन परत या.

आतली मांडणी वयस्करांच्या नजरेने पाहावी. पलंग तीन बाजूंनी भिंतीला टेकलेला असेल, तर भिंतीकडच्या माणसाला रात्री दुसऱ्याला ओलांडून उतरावे लागते. ज्या टेबलावर जेवायचे त्याचाच रात्री बिछाना होणार असेल, तर चार दिवसांनी सूनबाई कंटाळणार! न्हाणीघर आणि संडास एकाच खोक्यात असतात, तेव्हा गुडघे दुखणाऱ्याने कमोडवर एकदा बसूनच पाहावे. तीन-चार दिवस भाड्याने घेतला तर हे सगळे आपोआप कळते.

घरापुढे तो उभा करायला वसाहतीचे नियम परवानगी देतात का, हेही विचारावे. पुष्कळ ठिकाणी देत नाहीत. ब्रेकचा नियम राज्यागणिक बदलतो. तीन हजार पौंडांपुढे ट्रेलरला स्वतःचे ब्रेक अनेक राज्यांत सक्तीचे आहेत. भाच्याला मी ते त्याखालीही घ्यायला सांगितले.

टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचावेत. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलर वर्षातले बरेच महिने उभाच असतो, त्यामुळे टायर झिजण्याआधी वयानेच जातात. आणि प्रवासाला निघण्यापूर्वी सगळे सामान भरून, सगळी माणसे बसवून हमरस्त्यावरच्या ट्रकतळावर वजन करून घ्यावे. आपल्याकडे उसाच्या गाड्या काट्यावर चढतात, तसाच तिथेही काटा असतो, आणि कोणत्या आसावर किती भार आला ते थोड्या डॉलरांत कागदावर छापून मिळते.